ट्रॅकचे टायर आणि मागची सीट

माझ्या नवऱ्याने टायरचा जेवढा अभ्यास केला, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचाच केला नसेल. मुलीची शाळा निवडायची होती तेव्हा म्हणाला, "तूच बघ, तुला जास्त कळतं." उमरोळीला घर घेताना म्हणाला, "बाबांना विचारू." पण मोटरसायकलचे दोन टायर बदलायचे ठरले आणि हा माणूस दोन महिने मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला. जेवतानासुद्धा. पुढ्यातली आमटी गार व्हायची, याला पत्ता नसायचा.

कारण असं, की कंपनीतल्या चार मित्रांबरोबर त्याला दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर जायचं होतं. गाड्या टेम्पोत घालून न्यायच्या, दिवसभर पळवायच्या आणि परत यायचं. पैसे भरले की कुणालाही जाता येतं म्हणे. हौस आहे, असू दे. चाळिशीला आलेल्या माणसाला काहीतरी लागतंच. माझं म्हणणं एवढंच होतं, की याच गाडीवर मागे बसून मी रोज तारापूरच्या एमआयडीसीत कामाला जाते. तो एका केमिकल कंपनीत रिअॅक्टरवर, मी कुंभवलीच्या बाजूला औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये. दोघांची पहिली पाळी, सकाळी सातला. म्हणजे ही गाडी वर्षभर रस्त्यावर आणि एक दिवस ट्रॅकवर. मग टायर कोणत्या दिवसासाठी घ्यायचे, हे कळायला एवढा अभ्यास कशाला लागतो डोंबलाचा?

बोईसरला टायरवाल्याकडे मी बरोबर गेले होते. तो बिचारा सरळ माणूस. त्याने आधीच सांगितलं, "भाईसाब, ये ट्रॅक का माल है. गरम होगा तब पकडेगा. भाभी पीछे बैठती है तो रोडवाला ले लो." दोन्ही टायर शेजारी शेजारी ठेवून दाखवले. रस्त्याच्या टायरला खोल खाचा होत्या, ट्रॅकच्या टायरला नावापुरत्या. नवऱ्याने काय करावं? खाली बसला आणि दोन्हींवर अंगठ्याचं नख दाबून बघितलं. आमच्याकडे चिकू असाच बघतात, नख लावून, मऊ लागला की घ्यायचा. त्याच्या मित्रांनीही तेच सांगितलं होतं. जिथे नख रुततं तो टायर रस्ता धरतो, मग रस्ता कुठलाही असो. ट्रॅकच्या टायरवर नखाची खूण उमटली आणि याच्या चेहऱ्यावर असं समाधान, की विचारू नका.

मी म्हटलं, "अरे, तो गरम झाल्यावर म्हणतोय. थंड असताना काय?"

"तुझं लॅबमधलं डोकं इथे चालवू नकोस," तो म्हणाला. टायरवाल्यासमोर म्हणाला. मी गप्प बसले. चिडून गप्प बसायची मला वाईट खोड आहे, समोरच्याला वाटतं पटलं.

आणि गंमत बघा, हा माणूस रिअॅक्टर पुरेसा तापल्याशिवाय आत थेंब सोडत नाही. नवीन पोरं घाई करायला लागली तर त्यांची चंपी करतो. तापमान म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण गाडीवर बसला की सगळं ज्ञान कंपनीच्या गेटवर, तिथल्या सेफ्टी हेल्मेटबरोबर जमा.

ट्रॅकला जायला महिना होता. मी म्हटलं, तोवर जुनेच राहू देत, निघायच्या आदल्या दिवशी बदल. तर म्हणाला, "छे, आधी ट्रायल घ्यायला नको? नवा माल आला की आम्ही प्लँटमध्ये आधी ट्रायल बॅच घेतोच." म्हणजे महिनाभर रोजच्या रस्त्यावर टायर घासून बघायचे, रुळले की ट्रॅकवर. त्या ट्रायल बॅचमध्ये मी पण आहे, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या मात्र आलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घातला आणि मागे बसले.

जानेवारी होता. सकाळी सहा-साडेसहाला हवेत चांगला गारवा असतो, रस्त्यावर दव असतं. एमआयडीसीत शिरल्यावर एका वळणावर टँकरमधून काहीतरी सांडून रस्ता ओला झाला होता. तिथे असं रोजच काहीतरी सांडलेलं असतं, त्यात नवल नाही. वेगही फार नव्हता. गाडी वळली आणि मागचं चाक आमच्या खालून घसरूनच गेलं. मी उजव्या हातावर पडले. त्याला ढोपराला खरचटलं, तेवढंच.

कामाला चाललेल्या दोन बायका धावत आल्या. एकीने माझं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, "ताई, हात हलवू नको. मोडला हाय तो." मी मान वळवून नवऱ्याला शोधत होते. तो गाडीपाशी उकिडवा बसून टायर बघत होता. मला आजही त्या दिवसातलं सगळ्यात आधी तेच आठवतं. संताप येतो, आणि कमी होत नाही.

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर काढलं तरी मनगट पूर्ण वळेना. लॅबमध्ये दहा वर्षं मी टेबलापाशी उभं राहून काम केलं होतं. थेंबाथेंबाने रंग बदलताना बघायचा आणि नेमक्या थेंबाला थांबायचं, या कामात माझा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. आता पिपेट धरली की पाच मिनिटांत कळ येते. साहेबांनी मला कागदांवर बसवलं. बाकीच्यांनी केलेल्या टेस्टचे रिपोर्ट तपासायचे आणि सही करायची. सगळे म्हणतात, बरं झालं, बसून काम मिळालं. मी हो म्हणते.

पडल्यानंतर चारच दिवसांत घरी निकाल लागला होता. चुकलं कुणाचं? माझं. मी वळणावर उलट बाजूला झुकले. मागे बसणाऱ्याने चालवणाऱ्याबरोबर झुकायचं असतं, मी घाबरून अंग दुसरीकडे टाकलं, म्हणून चाक निसटलं. हे त्याने सासूबाईंना सांगितलं, मित्रांना सांगितलं, भेटायला आलेल्या शेजाऱ्यांना चहा देता देता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नीट बसायचं ना." आणि खरं सांगू? मला आठवेना. मी झुकले होते का? कुठल्या बाजूला? चार जण रोज तेच बोलायला लागले की आपल्यालाही ते तसंच झाल्यासारखं वाटायला लागतं.

हात गळ्यात असताना तो ट्रॅकवर जाऊन आला. मी जाऊ नको म्हटलं नाही, कशाला उगाच. संध्याकाळी फोन आला. आवाजात नुसतं उधाण. "टायरने कमाल केली गं. पहिले दोन राउंड कुणाला जोर मारू देत नाहीत, टायर थंड असतात ना. तिसऱ्यापासून नुसता चिकटून."

मी विचारलं, "मग आपल्या घरापासून त्या वळणापर्यंत ते कधी गरम होत होते?"

तो म्हणाला, "रस्त्याच्या स्पीडला तसा काही फरक पडत नाही. तू उलटी झुकलीस, बाकी काही नाही." आणि फोन मित्राकडे दिला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी तो मला सोसायटीच्या आवारात उभ्या गाडीवर मागे बसवायचा आणि शिकवायचा. "आता डावीकडे. माझ्या खांद्यावरून बघ. अंग सैल सोड." वरच्या गॅलरीतून बायका बघायच्या. मी शिकले. इतकी मन लावून शिकले, की आता स्वतःचीच कीव येते. कंपनीत जायला मी शेअर रिक्षा धरली होती, पण परत बसायचं तर नीट बसता यायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं. माझ्यामुळे दोघं पडलो, याची लाज वाटत होती.

मग मे संपत आला. मुलीची दहावी झाली होती, जूनपासून तिला बोईसरला कॉलेजात सोडायचं काम याच्याकडे आलं. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर गाडीला नवे टायर. खोल खाचांचे, रस्त्याचे. ट्रॅकवाले जिन्याखाली चादरीत गुंडाळून ठेवलेले. तो चाकाशी बसून हवा तपासत होता.

मी म्हटलं, "पाऊस येतोय म्हणून का?"

"पावसाचं नाही," तो मान वर न करता म्हणाला. "पोरगी बसणार ना मागे. सकाळी थंड टायरवर तिला कसं नेणार?"

इतकं सहज म्हणाला, जसं काही हे घरात सगळ्यांना आधीपासून माहीतच होतं. त्याला तर होतंच. मी रस्त्यावर पडले होते आणि तो टायर बघत बसला होता, तेव्हापासून होतं. मी विचारलं, "आणि मला कसा नेत होतास?"

आता त्याने वर बघितलं. अपराधी वगैरे काही नाही, थोडा वैतागलेला.

"तू कुठे नाही म्हणालीस?" तो म्हणाला. "बसलीस की."

बसले होते.