तीनशे पंच्याऐंशी ग्रॅम भाजी

उकळी फुटली आणि पातेल्यातून पन्नासाची नोट वर आली.

हाउकेला आधी वाटलं, पानच आहे, जरा चौकोनी निघालं इतकंच. त्याने झाऱ्याने ते बाजूला सारलं, तर खालून वीस युरो आले. मग दहाच्या दोन. भाजीत फुगलेला बटर पेपर तरंगायला लागला, तेव्हा त्याने गॅस बंद केला, स्वयंपाकघराचं दार आतून लावलं आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा, शंभर किलो वजनाचा, पिऊन भांडणाऱ्यांना कॉलर धरून बाहेर काढणारा पबमालक. पण पातेल्याजवळ जायला धजेना.

खरं तर त्या दिवशी त्याने स्वयंपाकघरात शिरायलाच नको होतं. बायको आल्मुट गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून पबमध्ये बिअर मिळायची आणि गरम पाण्यातले सॉसेज मिळायचे, तेही हाउकेच्या हातून निम्म्या वेळा फुटायचे. पण नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी गोळाफेक मंडळाची माणसं येणार होती. एकोणीस जण गावाबाहेरच्या रस्त्याने लाकडी गोळा फेकत फेकत पाच मैल चालतात, आणि मग त्यांना कुरळ्या पानांची गरमागरम भाजी लागते, वर सॉसेज. यंदा त्यांनी बजावलं होतं की जेवण नसेल तर ते शेजारच्या गावात जातील. एकोणीस माणसं म्हणजे हाउकेचा अर्धा हिवाळा.

सॉसेज खाटकाच्या दुकानातल्या गेस्केने दिले. भाजी कुठून आणायची, तर आपल्याच डीप फ्रीझरमध्ये टोमाकाकूंची पुडकी रचून ठेवलेली आहेत हे त्याला आठवलं. मार्चमध्ये काकू येऊन म्हणाल्या होत्या की माझं फ्रीझर भरलंय, दर सोमवारी एक पुडकं तुझ्याकडे ठेवत जाईन. ही विनंती नव्हती. काकू विनंती करत नसत. आता सदतीस पुडकी झाली होती. त्यातली सहा गेली तर कळणारही नाही, पुढच्या आठवड्यात भरून टाकू, असा हिशेब करून त्याने दोन पुडकी सॉसेजच्या बदल्यात गेस्केला दिली आणि चार दगडासारखी गोठलेली तशीच सॉसेजसोबत पातेल्यात सोडली.

आता त्याने कचऱ्याच्या डब्यातून त्यांची वेष्टनं काढून वाचली. टोमाकाकूंचं ताठ अक्षर. ‘भाजी, ८ मे, ३८५ ग्रॅम.’ ‘भाजी, १५ मे, ३७० ग्रॅम.’

आल्मुट असती तर हे पहिल्याच दिवशी पकडती. कारण ही भाजी हिव खाल्ल्याशिवाय गोड होत नाही, ती थंडीत काढायची. मे महिन्यात ती कोणी गोठवत नाही. मे महिन्यात ती कुणाच्या परसात नसतेच. आणि उशीएवढं पुडकं तीनशे पंच्याऐंशी ग्रॅमचं कसं असेल?

ते ग्रॅम नव्हते, युरो होते. आणि हे पैसे कोणाचे तेही हाउकेला आता कळलं होतं.

त्याच्याच पबच्या भिंतीवर बचत मंडळाची लोखंडी पेटी आहे. अडतीस खण, प्रत्येकाला नंबर आणि फट. सभासदाने दर आठवड्याला आपल्या खणात निदान पाच युरो टाकायचे. शुक्रवारी संध्याकाळी खजिनदाराने पेटी उघडायची, सोमवारी पैसे बँकेत भरायचे, आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी वर्षाची बचत ज्याची त्याला परत. आमच्या गावात कुणाकडे किती आहे आणि ते तो कुठे ठेवतो हे विचारणं म्हणजे आंघोळीला बसलेल्याचं दार उघडणं. कुणी पियानोत ठेवतं, कुणी कोळशाच्या बादलीखाली, नवऱ्याचं बायकोला माहीत नसतं. पण पेटीतलं सगळ्यांचं एका माणसाला माहीत असतं, आणि तो माणूस म्हणजे गेली एकतीस वर्षं टोमाकाकू.

काकूंची उमर सत्त्याहत्तर. तीस वर्षं दुधाच्या डेअरीत काट्यावर बसलेल्या. त्यांच्यासमोर कॅनमध्ये पाणी घालायची कुणाची छाती झाली नाही, आणि पेटीतल्या रकमेबद्दल त्यांच्या तोंडून कधी अक्षर फुटलं नाही. खण रिकामा दिसला की पन्नास सेंट दंड. पाद्र्यांना त्यांनी दंड केलेला आहे. नवरा हार्म ज्या आठवड्यात वारला त्या शुक्रवारी त्याचा खण रिकामा निघाला. काकूंनी काळ्या कपड्यांतच पर्स उघडली आणि त्याचा दंड भरला.

आणि अशा बाईने अडतीस घरांचे पैसे बँकेत न भरता भाजीत गुंडाळले होते. का? हाउकेच्या मनात एक शब्द आला आणि त्याला त्या शब्दाचीच भीती वाटली. लंपास करण्याआधी माणूस पैसे असेच कुठेतरी लपवतो. पुढच्या शनिवारी वाटप होतं. त्याच्या स्वतःच्या खणातले सातशे चाळीस युरोही त्यात होते, छपराच्या डागडुजीसाठी ठेवलेले. पण छपराचं त्याला तेवढं वाटलं नाही. टोमाकाकू चोर निघाल्या तर मग या गावात सरळ उभं असं काय उरतं?

तेवढ्यात गेस्केला दिलेली दोन पुडकी आठवली.

तो एप्रन न काढता पळाला. दुकानामागच्या घरात पुडकी मोरीत पसरट ताटात ठेवलेली होती, कडेने सुटायला लागली होती. त्यात अळ्या आहेत, असं तो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

गेस्केने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “गोठलेल्या भाजीत?”

“मेलेल्या.”

“टोमाकाकूंच्या भाजीत अळी? तिने आत शिरण्याआधी काकूंची परवानगी काढली असेल.” तरी तिने पुडकी दिली, आणि जाता जाता म्हणाली की एवढा पांढरा पडलायस ते अळीमुळे की एकोणीस पाहुण्यांमुळे? हाउके हसला. हसताना आपले दात वाजताहेत हे त्याला ऐकू आलं.

पुढचे दोन तास त्याने पातेलं चमच्या-चमच्याने उपसलं. नोटा धुतल्या आणि आल्मुटच्या चिमट्यांनी चुलीवरच्या दोरीला लटकवल्या. कोणी दारावर टकटक केली की माणूस निघून जाईपर्यंत तो जागचा हलायचा नाही. चार पुडक्यांचे मिळून पंधराशे साठ हवे होते, भरले पंधराशे चाळीस. वीस युरो काही केल्या सापडेनात. त्याने सॉसेजसुद्धा चिरून पाहिले. शेवटी गल्ल्यातली वीसची नोट काढून त्यात घातली, सगळं एका पिशवीत भरलं, गेस्केकडची पुडकी वर ठेवली आणि पाहुण्यांसाठी दुकानातून भाजीच्या बारा बरण्या मागवून तो काकूंच्या घराकडे निघाला. बँकेसमोरचंच घर. म्हणजे जिथे बँक होती तिथलं. जानेवारीत एका पहाटे चोरांनी तिथलं पैशांचं यंत्र स्फोटाने उडवलं, अर्ध्या गल्लीच्या काचा फुटल्या, आणि फेब्रुवारीअखेर बँकेने शाखाच बंद केली. तेव्हापासून काकू सोमवारी चांगला कोट घालून बसने शहरात पैसे भरायला जातात, असं सगळं गाव समजून होतं.

काकूंनी दार उघडलं, पिशवीचा वास घेतला आणि आत वळल्या. आधी चहा झाला, कारण आमच्याकडे आधी चहाच होतो. खडीसाखरेचा खडा कपात तडकला तेव्हा हाउके खुर्चीत दचकला.

त्याने पिशवी टेबलावर उपडी केली. हिरवट, सुरकुतलेल्या, डुकराच्या चरबीचा वास येणाऱ्या नोटा.

काकूंनी कप बशीत ठेवला. “कुणी पाहिलं?”

“कुणी नाही.”

“पोलिसांना सांगितलंस?”

“नाही.”

“मंडळाला?”

“काकू, आधी तुम्हाला विचारायला आलोय.”

त्यांनी नोटांना हात लावला. मोजल्या नाहीत, नुसत्या सारख्या केल्या, डेअरीत पावत्या करायच्या तशा. मग त्यातली एक बाजूला काढली. “ही गोरी कशी?”

हाउकेने कबूल केलं. काकूंनी ती वीसची नोट त्याच्याकडे सरकवली आणि सांगितलं की पातेल्याच्या बुडाला बघ, चिकटली असेल. इतका वेळ त्याला ज्या बाईची भीती वाटत होती, तिची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट धरलेली आहेत, हे त्याला तेव्हा दिसलं.

मग त्यांनी सांगितलं, कपाकडे बघत, जणू दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. स्फोट झाला त्या पहाटे खिडकीची काच त्यांच्या पांघरुणावर येऊन पडली होती. ती त्यांनी झाडून टाकली. मार्चच्या पहिल्या सोमवारी पर्समध्ये पैसे घेऊन त्या बसथांब्यावर गेल्या. मागे टोपी ओढलेला एक माणूस येऊन उभा राहिला. त्याने फक्त किती वाजले ते विचारलं. काकूंना उत्तर देता आलं नाही. आलेली बस समोरून गेली. त्या घरी आल्या आणि कोट न काढता काळोख पडेपर्यंत दाराजवळ बसून राहिल्या. पैसे घरात ठेवले तर झोप येईना, हलणाऱ्या प्रत्येक पडद्यामागे कुणीतरी दिसे. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा निघाल्या, हार्मसाठी गोठवलेल्या जुन्या भाजीत पैसे गुंडाळून, म्हणजे कुणी पर्स हिसकावली तरी भाजीच मिळेल. पण थांब्यापर्यंत पाय गेलेच नाहीत. हाउकेच्या पबपर्यंत गेले.

“सदतीस सोमवार,” त्या म्हणाल्या. “एकही त्याच्या पुढे नाही. भित्र्या माणसाने खजिनदार राहायचं नसतं. तू मंडळाला सांग. शनिवारी वाटप झालं की किल्ली देते.”

हाउकेने कपातला उरलेला खडा चमच्याने फिरवला. चोरीच्या शंकेने आपण दुपारभर काय काय मनात आणलं हे त्याला आठवलं आणि कानशिलं तापली. मंडळाला सांगायचं काही कारण त्याला दिसत नव्हतं. पैसे सगळे होते. तो म्हणाला की परवा सोमवारी नऊ वाजता गाडी दाराशी आणतो, सगळी पुडकी सोडवून एकदमच बँकेत भरू, आणि पुढेही दर सोमवारी आणीन.

पेट्रोलचे पैसे आपण देणार, अशी अट काकूंनी घातली. आणि सगळ्या नोटा आधी साबणाने धुवायच्या, या वासाने बँकेत उभं राहायला त्यांना जमणार नाही. टेबलाची कडा मात्र त्यांनी सोडली होती.

हाउके उठला. गोळाफेकवाल्यांची वेळ झाली होती. दारात पोहोचल्यावर त्याला राहवेना. थांब्याच्या वाटेवर बेकरी होती, चर्च होतं, गेस्केचं केवढं तरी मोठं शीतघर होतं.

“पण काकू, सगळं गाव सोडून माझ्याच स्वयंपाकघरात का?”

“तुझ्या हातचं कोण खातं?”