मुका फोन

तुर्भ्याच्या मार्केटात गोणी वाहणाऱ्या धनाजीला रोज एका अनोळखी नंबरवरून फोन यायचा. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. एकदा मालाची गाडी उतरवताना तो भडकला, आईमाईवरून शिव्या घातल्या आणि नंबर ब्लॉक केला.

गावच्या जत्रेला गेल्यावर तो मार्केट सोडून गावी परतलेल्या, गोणी वाहण्यातल्या जुन्या जोडीदाराला, ज्योतिबाला भेटायला गेला. लकव्यानं ज्योतिबाची वाचा गेली होती. त्याची बायको म्हणाली, "भावजी, तुमचा आवाज ऐकायला माझ्या नव्या नंबरवरनं फोन लावायचे. मी सांगते म्हणलं, तर हातानं नको म्हणायचे. त्या शिव्यांपासनं फोनला हात लावत न्हाईत."

धनाजीनं ज्योतिबाचा हात धरला. "ज्योत्या, त्या शिव्या तुला नव्हत्या रे!"

ज्योतिबानं हात सोडवला नाही, पण तोंड भिंतीकडं फिरवलं.