काचेतला जावई

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर न जुळणाऱ्या माणसांना शेजारी शेजारी उभं करत आले आहेत. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे फोटो लावायची काच आणि काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे एक स्टूल आणि दोन दिवे, कोपऱ्यात कॉम्प्युटर. फोटो काढून घ्यायला आता फारसं कुणी येत नाही; येतात ते जोडून घ्यायला. नातवाच्या फोटोत गेलेले आजोबा बसवून हवेत. भांडून वेगळा झालेला भाऊ काढून टाकायचा आहे, पण त्याच्या हातातला कप राहू द्या, तो आम्ही सगळ्यांनी मिळून जिंकला होता. भावोजी हे सगळं निमूटपणे करतात आणि वर म्हणतात, "मी खोटं करत नाही. राहून गेलेलं पूर्ण करतो."

हे वाक्य मला कधीच पटलं नाही आणि ते मी त्यांना तोंडावर सांगत आले. धाकट्या मेहुणीला तेवढी सूट असते. शिवाय माझं शिवणाचं दुकान त्यांच्या अगदी समोर आहे, त्यामुळे मशीनवरून मान वर केली की पहिलं दर्शन त्यांच्या काचेचंच होतं.

एक दिवस त्या काचेत आमच्या छबीचं लग्न लागलेलं दिसलं.

छबी ही त्यांची एकुलती एक लेक. परदेशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या नोकरीवर गेली होती. तिकडून तिने फोन करून सांगितलं की तिला दिवस गेले आहेत, तो माणूस चांगला आहे, बेकरीत काम करतो, दोघं एकत्र राहतात आणि लग्न केलेलं नाही. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं, फोन ताईच्या हातात दिला आणि दुकानात जाऊन स्वच्छ असलेली भिंगं पुन्हा पुसत बसले. त्यानंतर छबीचा फोन आला आणि त्या माणसाचा विषय निघाला, की "थांब हं, आई बोलतेय" म्हणायचे आणि सुटायचे. त्याचं नाव घ्यायची वेळ आली तर त्याला 'तो गृहस्थ' म्हणायचे. गृहस्थाश्रमाचा पत्ता नसलेला गृहस्थ, असं मी म्हणाले, तेव्हा ताईने मला डोळ्यांनी दटावलं.

आणि आता काचेत हा फोटो. छबी नटलेली, शेजारी सुटाबुटात गृहस्थ, हातात फुलांचा गुच्छ. चेहरा छबीने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोतला, हे मी लगेच ओळखलं. पण गळ्याखाली आमच्या गल्लीतल्या औषधवाल्यांचा जावई होता. त्याच्या लग्नातला तो कोट मीच शिवला होता. डाव्या खांद्याला जरा झोळ राहिला होता, तो फोटोतही तसाच होता.

मी सुई तशीच टोचून ठेवली आणि रस्ता ओलांडून गेले.

"भावोजी, तोंड कुणाचं आणि धड कुणाचं?"

"हळू बोल."

"छबीला ठाऊक आहे?"

"तिला कशाला? तिला इथून दिसतंय का?" ते म्हणाले. "गल्लीतली माणसं विचारतात. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? लावला फोटो, विचारणं बंद झालं."

विचारणं बंद झालं हे खरं होतं. उलट गल्लीने जावयाचं कौतुकच केलं. औषधवाले स्वतः काचेसमोर उभे राहून म्हणाले, "बांधा चांगला आहे हो पोराचा."

पुढे छबीला मुलगा झाला आणि त्याच्या पासपोर्टचं निघालं. तिचा नोकरीचा करार संपत आला होता, तो संपला की तिला तिथे राहता येणार नव्हतं. ती परत यायला निघाली होती, पण पासपोर्टशिवाय बाळाला विमानात कोण घेणार? ताईने पाळणा उतरवून धुवून ठेवला होता. येता-जाता रिकाम्या पाळण्याला झोका द्यायची, मला बघवत नसे.

छबीने मला सगळं समजावून सांगितलं आणि मी भावोजींना सांगायला गेले. ज्याला स्वतःलाच नीट कळलेलं नाही, त्याने दुसऱ्याला समजावणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

"तिथे जन्मला म्हणून तो तिथला होत नाही," मी म्हणाले.

"बरं. मग बापाच्या देशाचा."

"बाप तिसऱ्याच देशाचा आहे. त्यांच्याकडे लग्न झालेलं नसेल तर मूल आईकडे जातं."

"म्हणजे आपला."

"आपला. पण आपल्या वकिलातीने तसं लिहून दिल्यावर."

"मग आत्ता, ह्या घटकेला तो कुठला?"

मी चहा प्यायले. जिथे होता तिथला नव्हता आणि जिथला होता तिथे नव्हता. भावोजींनी तिन्ही देश बोटांवर मोजून पाहिले. मग म्हणाले, "एवढंसं पोर. ते काय वाकडं करणार कुठल्या देशाचं?"

आईबाप अविवाहित असले तरी पासपोर्ट मिळतो, वेगळे कागद लागतात एवढंच, असं वकिलातीने छबीला सांगितलं होतं. तिने खरं तेच लिहून अर्ज दिला. आता फक्त इथल्या कचेरीचा माणूस आईच्या पत्त्यावर येऊन खातरजमा करणार होता. "जे आहे ते सांगा," छबीने बजावलं होतं, पण ताईला. भावोजींना नाही, कारण भावोजींनी तोवर फोन घेणंच सोडून दिलं होतं.

चौकशीवाले साहेब आले तेव्हा ताई घरी नव्हती. ते दुकानातच गेले. मी समोरून बघत होते. साहेबांनी काहीतरी विचारलं, भावोजी ताठ झाले, त्यांनी काचेकडे हात केला, मग काउंटरखालून त्या फोटोची एक प्रत काढून साहेबांना दिली. चहा मागवला. साहेब जाताना हसत गेले. भावोजी रस्ता ओलांडून माझ्याकडे आले, तोंडावर समाधान मावत नव्हतं.

"मला विचारतो, मुलगी अविवाहित आहे ना? असं कसं परक्या माणसासमोर कबूल करायचं? म्हटलं, हा बघा फोटो. बाजू सावरली पोरीची."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अर्ज अडकला. अर्जात अविवाहित, चौकशीत विवाहित. तेव्हा लग्नाचा दाखला आणा, असं वकिलातीने छबीला कळवलं. तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. ती आधी ओरडली, मग रडली. या वेळी ताईने फोन घेतलाच नाही. ती पाळण्याजवळ बसून राहिली.

"मग करून टाका की लग्न!" भावोजी शेवटी ओरडले. "आज करा, उद्या करा!"

"लग्नाला इथे मी अविवाहित असल्याचा दाखला लागतो, बाबा. तो आपल्याकडून यायचा. आणि आपल्याकडे तुम्ही माझं लग्न लावून बसलात!"

भावोजींनी फोन खाली ठेवला. लग्न झालं नव्हतं म्हणून त्यांनी लावलं, आणि लावलं म्हणून आता होऊ शकत नव्हतं. ते हे पुन्हा पुन्हा मनाशी जुळवून बघत होते. दिवे न लावता बसून राहिले. मला राग आला होता, पण त्यांना तसं बसलेलं बघून त्याहून जास्त वाईट वाटलं.

"जाऊन सांगा खरं काय ते," मी म्हणाले.

"काय सांगू? त्याने तिला टाकलं असणार, हे सांगू चारचौघांत? ती त्याचं नावसुद्धा काढत नाही आताशा."

"कुणाकडे काढेल? तुम्ही फोन हातात धरता का?"



दुसऱ्या दिवशी छबीने फक्त एक फोटो पाठवला, खाली एक ओळ: पासपोर्टला हा चालेल का बघा, आधीचे वकिलातीतून परत आले. राग कितीही असो, फोटो म्हटला की बापच. भावोजींनी तो मोठ्या पडद्यावर घेतला. मागे पांढरी चादर, पुढे बाळ, डोळे टक्क उघडे, ओठांवर लाळ. चादरीच्या घडीतून एक हात बाहेर आला होता. बाळाची मान आणि गाल त्या पंजात होते.

भावोजींचा माऊस सवयीने त्या हातावर गेला. नको असलेला हात पुसणं त्यांच्या दृष्टीने चहा गाळण्याइतकं सोपं काम. पण बाण तिथेच थांबला. त्यांनी फोटो मोठा केला. रुंद तळवा, अंगठ्याजवळ भट्टीचा चटका, नखांच्या कडेला पीठ. काचेतल्या जावयाचे हात गोरे, सडसडीत, अंगठी घातलेले होते. हा हात त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

त्यांनी फोन लावला, स्वतःहून.

"छबी, हा हात कुणाचा?"

"त्याचा. चादर पांघरून मागे बसलाय. बाळ अजून मान धरत नाही ना." मग जरा थांबून, "कामावरून आला की असाच धरून बसतो. तुम्ही पुसून द्याल का हात?"

"नाही," भावोजी म्हणाले. "यात मी काही करणार नाही. पासपोर्टचा फोटो आहे. त्याला फोन दे."

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. छबी मध्ये बोलत होती. बाळाला पलंगावर चादरीवर निजवा. खिडकी उजवीकडे घ्या. तू वर स्टुलावर उभा राहा, नाही नाही, सावली पडतेय, बाजूला हो, हां, तिथे. शेवटी शेवटी छबीने भाषांतर करणं सोडून दिलं होतं, तरी तिकडून गृहस्थ "हां, हां" म्हणत होता. फोटो स्वच्छ आला.

मग आम्ही कचेरीत गेलो. बाकड्यावर माणसं बसलेली. साहेबांनी तो लग्नाचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

"हे खोटं आहे," भावोजी म्हणाले. इतकं हळू की साहेबांनी "काय?" म्हणून विचारलं. मग ते मोठ्याने बोलले, बाकड्यालाही ऐकू जाईल असं. "माझ्या मुलीचं लग्न झालेलं नाही. फोटो मी बनवला. चेहरा खरा आहे. बाकी सगळा औषधवाल्यांचा जावई."

कुणीतरी फसकन हसलं. साहेब हसले नाहीत. खोटी माहिती देणं म्हणजे काय, यावर त्यांनी भावोजींना चांगलं सुनावलं, तसं लेखी घेतलं आणि तीच चौकशी पहिल्यापासून केली. भावोजी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत गेले. बाहेर आल्यावर पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "मला अजूनही कळत नाही, लग्न का नाही करत ही मुलं. तुला कळतं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच नाही कळत.

पासपोर्ट झाला. छबी बाळाला घेऊन यायला निघाली आणि त्याच दिवशी भावोजींनी काच उघडून लग्नाचा फोटो काढला. त्या जागी दुसरा लावला, तोच, पासपोर्टला न चाललेला: बाळ, चादर आणि हात.

संध्याकाळी औषधवाले काचेसमोर थांबले. एव्हाना सगळी गल्ली सगळं ऐकून होती, तरी त्यांनी चष्मा वर करून नीट निरखलं.

"नातू छान आहे. पण तो हात काढायचा राहिला वाटतं."

भावोजी काच पुसत होते. त्यांनी फडकं थांबवलं.

"राहिलं नाही काही," ते म्हणाले. "बाप आहे तो."