जांभळीवरचा तुरेवाला शिक्रा

बाळांनो, एप्रिलभर मी फोन उचलत नव्हते म्हणून तुम्ही रुसलात. मी बांधावर दुर्बीण घेऊन उभी असायचे आणि बहुतेक वेळा एका माणसावर ओरडत असायचे.

आणि तो पक्षी घार नाही. मी पाठवलेला फोटो पाहून तिघांनीही ‘घार’ लिहिलंत, तेव्हाच माझं डोकं उठलं. घार उघड्या आकाशात गोल फिरते. हा रानातला शिक्रा, डोक्यामागे आखूड तुरा, पंख रुंद आणि गोलसर. झाडाझाडांतून वळायला तसेच पंख लागतात. दाट पानांत गुपचूप बसायचं आणि खाली सरडा हलला की झेप घ्यायची, हे त्याचं जगणं. मादी नरापेक्षा मोठी असते. ती घरट्यावर बसते, नर शिकार आणून देतो.

घराशेजारच्या बांधावरच्या जांभळीत त्यांनी काटक्यांचं घरटं केलं. जांभळ शेजारच्या शेतकऱ्याची. भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर फांद्या-पाला पसरून जाळतात, त्याला इथे राब म्हणतात. त्यासाठी झाडं ओरबाडायची. यंदा आईन, किंजळ ही नेहमीची झाडं पुरली नाहीत, म्हणून त्याची नजर जांभळीवर गेली. घरट्यात दोन पांढरी, कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं होती. मी त्याला बजावलं, “घरट्याला हात लावायचा नाही.” तो म्हणाला, “नाय लावत, बाई.”

दुसऱ्या दिवशी चष्मा दुरुस्त करायला शहापूरला गेले. दुपारी परत येऊन बघते तर जांभळीचा खांब झालेला! सगळ्या फांद्या खाली, वर एका बेचक्यात ते घरटं, भर उन्हात, गावभर दिसेल असं. मादी पिल्लांवर पंख पसरून, चोच उघडी टाकून उभी होती. शेजारच्या तारेवर दोन कावळे.

“हे काय केलंस?”

“घरट्याला हात लावला का? सांगा!”

“नाही, पण…”

“मंग? येक काडी हलली नाय. तुमी बोल्लात तेवढं केलं.”

खरं होतं, म्हणून जास्तच संताप आला. त्याच्यावर, आणि इतकी वर्षं शाळेत मुलांना नेमके प्रश्न घालणाऱ्या माझ्यावर. रानातल्या पक्ष्याला झाडाची सावलीच घर असते, हे मला ठाऊक होतं. मी त्याला ते सांगितलंच नाही.

त्याची बायको खाली मोळ्या बांधत होती. ती म्हणाली, “आता वर बघत काय बसताव? पाला परत बांधा की.”

वर चढायचं म्हणजे मादीच्या नख्या. तो घरून मोटरसायकलचं हेल्मेट घालून आला. मी हसले नाही, तुम्ही हसाल. पहिल्याच फांदीला मादी ठाणकन हेल्मेटवर आदळली. “अगो बाय, तुझ्याच पोरांसाठी आलोय!” तो वरून ओरडला. बायको खालून म्हणाली, “ती तुला वळखत नाय, आमीच वळखतो.”

पानं असलेल्या फांद्या घरट्याच्या वर सुतळीने बांधल्या. तिसऱ्या दिवशी त्या वाळून कडकडीत. मग माझ्या आंब्याच्या फांद्या, बाळकैऱ्यांसकट. आंब्याचा पाला जास्त दिवस टिकतो. तरी दर पाच-सहा दिवसांनी हाच तमाशा. तो कुरकुरत चढे, मी खालून “डावीकडे, अजून डावीकडे” करत असे. शेवटी तो म्हणाला, “बाई, तुमीच या वर.”

लहान पिल्लू पहिल्याच उन्हात गेलं होतं, ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. दुसरं मात्र तगलं. मेच्या मध्यावर ते घरट्यातून फांदीवर आलं, पंख झाडले आणि वेडंवाकडं उडत माझ्या आंब्यात शिरलं. मादी मागोमाग. त्या दाट पानांत दोघं क्षणात दिसेनाशी झाली.

शेतकरी मान वर करून बराच वेळ बघत होता. राब कमी पडल्याने त्याचा एक वाफा तसाच राहिला होता. मी म्हटलं, “पुढच्या वर्षी जांभळीला कोयताच लावायचा नाही. पूर्ण झाड सोडायचं.”

तो माझ्याकडे वळला. “मंग हे पयल्या दिवशी बोलायला काय झालं होतं?”

मी चहा टाकायला आत गेले.