पोटुश्या मासळीची गाबोळी

माझी दुसरी लेक जन्मली त्या वर्षी मला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं. उजेड असेपर्यंत सगळं ठीक असायचं. सूर्य डोंगराआड गेला की अंगण, गोठा, माणसं सगळं पुसून जायचं. मी कुणाजवळ बोलले नाही. नवरा लाकूडतोडीला दूरच्या रानात होता, घरात सासू-सासरे. सून आंधळी निघाली असं कुणी म्हणू नये, एवढीच धास्ती. भिंतीला हात लावत, चुलीच्या जाळाजवळ राहत महिनाभर निभावलं.

एका संध्याकाळी उकळत्या पेजेचं मडकं घेऊन वळले आणि चटईवर निजवलेल्या लेकीला पाय लागून मी अडखळले. पेज सांडली ती तिच्या उशाशी, वीतभर अंतरावर.

सासू ओरडली, "डोळं हैत का न्हाईत तुला?"

"न्हाईत, आत्ती," मी म्हणाले आणि मग रडूच आवरेना.

माझा भाऊ अणशीकडच्या जंगलसाहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. निरोप मिळताच तो चालत आला. म्हणाला, "साहेबाकडं एक डॉक्टर उतरला होता. साहेबानं डबा फोडला. आत काळी, मोहरीएवढी माशाची अंडी. पावाला लावून खाल्ली दोघांनी. डॉक्टर सांगत होता, माशाच्या काळजात आणि अंड्यात डोळ्यांना लागणारं तेल असतं. रातांधळ्यावर चांगलं."

"मग त्यो डबा आण की," सासू म्हणाली.

"मावशी, त्यो विलायतेचा. आपल्या नदीतल्या शिंगाळ्याची गाबोळी, ती बी अंडीच, काय कमी हाय?"

सगळे सासऱ्यांकडे बघू लागले. नदीवर त्यांच्यासारखा गळ टाकणारा कुणी नव्हता; पण अंड्यांनी भरलेली मासळी ते कधी घरी आणत नसत. हातात घेऊन पोट चाचपायचे, गळ सोडवायचे आणि पाण्यात सोडून द्यायचे. त्यांची पहिली बायको पोटुशी असतानाच गेली होती. हे मला सासूनं सांगितलं होतं. ते स्वतः त्यावर एक अक्षर बोलले नव्हते.

"मामा, नको," मी म्हणाले.

"तू गप ऱ्हा. त्या सांजेला पोर भाजली असती," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दोन शिंगाळे घेऊन आले. पोट त्यांनीच चिरलं, आमच्यापैकी कुणाला हात लावू दिला नाही. पिवळसर गाबोळीच्या दोन जाड पेरांएवढ्या गुठळ्या निघाल्या. सासूनं त्यांना हळद, मीठ, आमसुलाचं पाणी लावलं, हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजलं. पहिला घास दातांखाली रवाळ लागला, मग तोंडात तूप विरघळावं तसा पसरला. पोटाला असा आधार बाळंतपणानंतर पहिल्यांदाच वाटला. सासरे मात्र अंगणात जाऊन बसले. जेवले नाहीत.

तिसऱ्या खेपेला सुरी लावताना त्यांनी तोंड फिरवलेलं मी पाहिलं. मी म्हणाले, "मामा, आता दिसतंय मला. पुरे झालं."

त्यांनी संध्याकाळ होऊ दिली. मग माझ्यासमोर येऊन बोटं उघडून हात उभा धरला. "बोटं किती?"

मी अंदाजानं म्हणाले, "दोन."

"चुकलीस," म्हणून ते आत गेले. सकाळी उठून बघते तो गळ घेऊन निघालेले.

पंधरा-वीस दिवसांनी एका सांजेला मी दाराशी लेकीला पाजत होते. पलीकडच्या शेताच्या बांधावरून कुणी येत होतं. खांद्यावर भारा होता, चाल लंगडी होती. ती आमची शेजारीण आहे हे मला कळलं, आणि मग कळलं की मला ते दिसलं. मी सासूला हाक मारली.

पुढे माझी हीच लेक सुइणीचं काम शिकली. ती सांगते, गाबोळीत डोळ्यांना हवं ते असतंच, शिवाय रक्त आणि अंग भरून काढणारं सत्त्व असतं, कारण एका जिवाला जन्मायला लागणारं सगळं त्यात साठवलेलं असतं. पण ती जड, रोज खाऊ नये. बाळंतिणींना ती हे आवर्जून सांगते.

मला ते पटतं. तरी लेकीच्या घरी ताटात गाबोळी आली की माझा हात क्षणभर थांबतो. ज्या माणसानं ती मला दिली, त्याला ती देताना काय झालं असेल, हे मी मामांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझी नजर परत आल्यावर त्यांनी पोटुशी मासळी पुन्हा कधी घरी आणली नाही, आणि मीही मागितली नाही.