जाऊबाईंना दिसलेलं कासव

इतरांना जे कष्टाने मिळवावं लागतं ते सगळं माझ्या थोरल्या जाऊबाईंना आपसूक मिळतं, आणि मिळाल्याचं त्यांच्या ध्यानातही येत नाही, हे मी लग्न झाल्यापासून उघड्या डोळ्यांनी पाहत आले आहे. त्या पिंपळगाव बसवंतला राहतात. मोठ्या दिरांचं तिथे द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. आम्ही नाशकात, गंगापूर रोडला. मी दहा दुकानं पालथी घालून साडी आणावी आणि कार्यात बायकांनी जाऊबाईंच्या पदराला हात लावून विचारावं, "ही कुठली हो?" त्यावर त्या म्हणणार, "काय की बाई, कपाटात वरच होती." मी गॅलरीतल्या कुंड्यांची लेकरांसारखी काळजी घेते आणि त्या मरतात, जाऊबाई परसात कसली तरी काडी खोचतात आणि तिचं झाड होतं. त्या बसमध्ये चढल्या, की खिडकीतला माणूस पुढच्याच थांब्याला उतरतो. माझी मुलगी त्यांना 'मोठी आई' म्हणते. आमच्या घरात पद्धतच आहे तशी, पण मग मी आपोआप छोटी ठरते, त्याचं काय?

अंदमानला जायची कल्पना माझी. समुद्रात तोंड घालून रंगीत मासे बघायचे, त्याला स्नॉर्कलिंग म्हणतात, हे घरातल्या सगळ्यांना मीच समजावून सांगितलं होतं. त्यासाठी नाशकाच्या कडाक्याच्या थंडीत मी सकाळी तरणतलावावर जात होते. काचेचा मास्क आणि श्वासाची नळी मागवून बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून सरावही करत होते. एकदा नवऱ्याने दार वाजवून घाबऱ्या आवाजात विचारलं, "बरी आहेस ना?" बादलीतून उत्तर देता येत नाही हे मला तेव्हा कळलं. जाऊबाईंचं मात्र ऐनवेळी ठरलं. द्राक्षांचा हंगाम आटोपला होता. "मी बी येते गं," म्हणाल्या आणि भाकरी-चटणीचं गाठोडं मांडीवर घेऊन विमानात बसल्या. विमान उडायच्या आधीच त्यांना झोप लागली होती.

बेटावरची ती सकाळ फार सुंदर होती. पाणी इतकं नितळ, की उभ्या होड्यांची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती. जाऊबाईंनी पंजाबी ड्रेसवर नारिंगी जाकीट चढवलं, ओढणी कमरेला आवळली आणि गाइडसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "नाक से नहीं आंटी, मुँह से साँस लेना," त्याने बजावलं. जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढंच? मी तर रातभर तेच करते. विचार घरी गेल्यावर आमच्या यांना."

पाण्यात उतरताच माझ्या मास्कवर वाफ धरली. ती पुसायला गेले तर नाकात खारं पाणी. तरणतलावाला लाटा नसतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी गाइडच्या रबरी रिंगला घट्ट मिठी मारली. पलीकडे जाऊबाई पाण्यावर अशा पसरल्या होत्या, जशा दुपारी जेवण उरकून ओसरीवर आडव्या होतात. "आंटी तो मछली है!" गाइड कौतुकाने ओरडला. तेवढ्यात माझी मुलगी किंचाळली, "आई, मोठ्या आईला कासव दिसलं!"

जाऊबाईंनी डोकं वर काढलं. "अगं, लय मोठं होतं! परातीएवढं. माझ्याकडं बघत बघत सावकाश गेलं." मला तोवर वाळू दिसली होती आणि स्वतःचा डावा पाय.

नंतर सगळे झाडांच्या सावलीत शहाळी पीत लोळले. कुणाला कसली घाई नव्हती. मुलगी तिच्या मोठ्या आईला खेटून कासवाचे डोळे कसे होते, पाय कसे होते, ते पुन्हा पुन्हा विचारत होती. मी टॉवेल तोंडावर घेऊन पडले होते आणि एका कासवावरून जळत होते.

दुपार कलल्यावर जाऊबाईंनी येऊन माझा हात ओढला. "चल. मी धरते तुला."

"नको ताई, डोकं दुखतंय माझं."

"पाण्यात घातलं की थांबंल."

त्यांनी मला नेलंच. त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट होती, आणि या वेळी मला खरंच दिसलं. प्रवाळाच्या फटींतून निळे, इवलेसे मासे निघत होते. पिवळ्या पट्ट्यांचा एक थवा आमच्या पोटाखालून गेला. कासव काही आलं नाही. जाऊबाई सारख्या मान वर काढून इकडेतिकडे बघत होत्या. "थांब जरा, इथंच होतं. येईल," म्हणत होत्या. शेवटी गाइडने हाका मारून आम्हाला बाहेर बोलावलं, तेव्हा थंडीने त्यांचे दात वाजत होते.

परतल्यावर पिंपळगावला त्यांच्या घरी सगळे जेवायला जमलो. नणंदेने विचारलं, "कासव कुणी पाहिलं म्हणे?"

जाऊबाई वाढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "हिनं. हिलाच आधी दिसलं, मग हिनं मला दाखवलं. मला कुठं पवता येतंय?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मला तर खरं बोलतानाही चाचरायला होतं, आणि या बाईने आयुष्यात एकदाच दिसलेलं कासव भाजी वाढता वाढता देऊनही टाकलं होतं.

"हो का गं? केवढं होतं?" नणंदेने मला विचारलं.

"मोठं होतं," मी म्हणाले.

जाऊबाई तोवर पुढच्या ताटाकडे वळल्या होत्या. त्यांच्या साडीचा, झाडांचा, झोपेचा मी इतकी वर्षं हेवा केला. पण मागून काही मिळणार असतं, तर त्या दिवशी मी त्यांचा तो वाढणारा हात मागितला असता.