वलगावची पांढरी खोली

मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा खिडकीबाहेर नुसती काळी, नांगरलेली जमीन होती. तिच्या खाली काळा खडक, आणि खडकात कधीकाळी लाव्हा थिजताना अडकलेले हवेचे बुडबुडे. मी अर्धवट झोपेत त्यांच्याकडेच निघाले होते.

माझ्या शेजारणीचे भाऊ शरदभाऊ वलगावला झेंडू लावतात. नवी विहीर खोदताना सुरुंगानं तळाजवळचा खडक फुटला आणि आत खोलीएवढी पोकळी निघाली, भिंतींवर पांढरे स्फटिकच स्फटिक. फोनवर फोटो आला आणि मी त्याच रात्री गाडीत बसले. दगडांचं वेड मला लहानपणापासून. पण असले खडे मी काचेच्या कपाटातच पाहिलेले. विहिरीला पाणी लागलं की ही पोकळी कायमची बुडणार होती.

अमरावतीहून ऑटोनं शेतावर पोचले. शरदभाऊ काठावरच उभे होते, चेहरा फुललेला.

"उशीर केला तुमी, ताई! सकाळीच पाणी लागलं."

मी अभिनंदन केलं, पण तोंड एवढंसं झालं होतं. खाली दुधासारखं गढूळ पाणी, बाकी काही नाही.

"पंप लावला तर दिसेल का हो?"

"दिसन ना. पण लेक येऊन राहिली मूर्तिजापूरवरून. तिनं विहिरीची ओटी भरल्याबिगर पंप नाई लावत आमी."

म्हणजे मी पहाटे ज्या गावावरून आले, तिथूनच लेक यायची होती! आणि पाणी तर चढतच होतं.

शरदभाऊंच्या पत्नी सुनंदाबाईंनी ज्वारीची भाकर आणि पातोडी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) वाढली. डोळ्यांतून पाणी आलं, ते रश्श्यानं की हिरमोडानं कोण जाणे. जेवून लिंबाखाली पडले. जुनी विहीर आटलेली, झेंडूची रोपं माना टाकून उभी. गुंगीत वाटलं, त्या पोकळीत पाणीच तर झिरपत होतं युगानुयुगं, कण कण ठेवत. खोली त्यानंच सजवली. आज ते आपल्या घरी परत आलं होतं, आणि मी त्याला बाहेर काढायला निघाले होते.

उन्हं कलली तेव्हा लेक आली. खण, नारळ, तांदूळ विहिरीत सोडून तिनं हात जोडले. शरदभाऊंनी पंप सुरू केला. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. दांडात पाणी खळाळलं, झेंडूपर्यंत पोचलं, ओळीमागून ओळ भिजली. विहिरीतलं पाणी मात्र बोटभरही हटेना.

"झरा लय जोरात हाये वो!" सुनंदाबाईंनी लेकीला मिठीच मारली.

माझी खोली आता दिसणार नव्हती. तरीही मी टाळ्या वाजवत होते, आणि मला खरोखर आनंद झाला होता.

निघताना सुनंदाबाईंनी माझी रिकामी बाटली हातातून घेतली.

"खोली नाई पाहाले भेटली तुमाले. तिच्यातलं पाणी तरी घेऊन जा."

घरी ती बाटली मी माझ्या दगडांशेजारी ठेवली. पाणी निवळलंय, तळाशी पांढरा गाळ बसलाय. सकाळी ऊन आलं की त्यातले चार कण चमकतात. ते चमकले की मी वलगावला फोन लावते आणि पहिला प्रश्न विचारते, विहिरीला पाणी किती आहे?